स्पेनची राजवट दोन्हीकडे ३०० वर्षे, मग फिलिपिन्समध्ये स्पॅनिश भाषा का रुजली नाही?

दर्यावर्दी

गेले काही महिने मी स्पेनच्या वसाहतींचा इतिहास क्रमाने वाचत आहे आणि एका ठिकाणी येऊन अडलो आहे. १५२१ साली मेक्सिकोतील अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान एर्नान कोर्तेसच्या हाती पडली; त्याच वर्षी मॅगेलन फिलिपिन्सच्या बेटांवर पोचला आणि माक्तान येथे लापुलापू या स्थानिक सरदाराच्या माणसांशी लढताना मारला गेला. पुढे १५६५ मध्ये मिगेल लोपेस दे लेगास्पीने सेबू येथे ठाणे वसवले, १५७१ मध्ये मनिला ताब्यात घेतले, आणि १५६५ पासून १८९८ पर्यंत, म्हणजे ३३३ वर्षे, ही बेटे स्पेनकडे राहिली. मेक्सिकोतील अंमल १८२१ मध्येच संपला. केवळ वर्षे मोजली तर फिलिपिन्सचे पारडे जड आहे.

तरीही आज मेक्सिको हा स्पॅनिश बोलणाऱ्यांचा जगातील सर्वांत मोठा देश आहे, आणि फिलिपिन्समध्ये घरात स्पॅनिश बोलणारी माणसे शोधावी लागतात. याउलट तेथील आडनावे पाहावीत तर गार्सिया, रेयेस, सांतोस, क्रूस. धर्म पाहावा तर बहुसंख्य लोक कॅथलिक. वारांची आणि महिन्यांची नावे स्पॅनिश. गावाच्या मध्यभागी चौक आणि चौकाच्या एका अंगाला दगडी चर्च, ही रचनाही तीच. बाकी सगळे घर तसेच राहिले आणि भाषा तेवढी उंबरठ्याबाहेर गेली, असे हे चित्र दिसते.

याचे सर्वत्र सांगितले जाणारे उत्तर असे, की १८९८ नंतर अमेरिका आली, तिने शाळांतून इंग्रजी आणली आणि स्पॅनिश पुसली गेली. हे उत्तर मलाही काही काळ पटले होते. परंतु ज्या पॅरिसच्या तहाने स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स सोडले, त्याच तहाने प्वेर्तो रिकोही अमेरिकेकडे गेले. तेथेही शाळांतून इंग्रजी लादण्याचे प्रयोग १९४०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालले, तेथील लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, आणि तरीही तेथे आजतागायत स्पॅनिशच बोलली जाते. मालक तोच, तारीख तीच, धोरण बरेचसे तेच, आणि परिणाम मात्र उलट. तेव्हा खरे कारण आणखी मागे असले पाहिजे. ते कोणते, आणि भाषा गेल्यावरही जे उरले त्याला तेथील लोकांच्या ओळखीत नेमके काय स्थान आहे, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

पोथीवाचक

प्वेर्तो रिकोची तुलना आपण काढलीत हे फार बरे झाले, कारण तिच्यातच निम्मे उत्तर दडलेले आहे. त्या बेटावरील ताइनो लोकांचा समाज स्पॅनिश अमलाच्या पहिल्या काही दशकांतच साथींनी, वेठबिगारीने आणि कत्तलींनी मोडून पडला. त्यानंतर तेथे वसलेले स्पॅनिश, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक आणि उरलेल्या ताइनोंचे वंशज यांना जोडणारी एकच भाषा होती. अमेरिकन अधिकारी १८९८ मध्ये तेथे उतरले तेव्हा स्पॅनिश ही जवळपास सर्वांची मातृभाषा होती, आणि मातृभाषा शाळेच्या फर्मानाने सहसा मरत नाही. फिलिपिन्समध्ये मात्र स्पॅनिश ही मूठभर लोकांची, कचेरीची आणि न्यायालयाची भाषा होती. कचेरीची भाषा मालक बदलला की बदलते.

मेक्सिकोबद्दलच्या आपल्या विधानात मात्र एक गृहीतक आहे, ते तपासले पाहिजे. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा तेथील निम्म्याहून अधिक लोक नाहुआट्ल, माया, झापोतेक, मिश्तेक अशा मूळच्या भाषाच बोलत होते. म्हणजे ३०० वर्षांच्या राजवटीनेही स्पॅनिशला बहुमत मिळवून दिले नव्हते. ते काम पुढे स्वतंत्र प्रजासत्ताकाने केले: त्याच्या सैन्याने, रेल्वेने, जमिनीच्या कायद्यांनी, आणि विशेषतः १९२१ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंत्रालयाच्या खेड्यापाड्यांतील शाळांनी. ‘एक राष्ट्र, एक भाषा’ हा आग्रह मनिलातील गव्हर्नरच्या किंवा मेक्सिकोतील व्हाइसरॉयच्या काळाचा नाही, १९व्या शतकातील उदारमतवाद्यांचा आहे. साम्राज्याला प्रजा हवी होती. ती कोणत्या भाषेत कर भरते याची त्याला फारशी फिकीर नव्हती.

उलट धर्मप्रसारासाठी स्थानिक भाषा सोयीच्या, असेच धोरण दीर्घकाळ होते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७० मध्ये नव्या स्पेनसाठी, म्हणजे मेक्सिकोकडील वसाहतीसाठी, नाहुआट्लला अधिकृत दर्जा दिला होता. पाद्री आधी स्वतः भाषा शिकत, मग तिचे व्याकरण लिहीत. मनिलात १५९३ मध्ये छापलेले ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे पुस्तक स्पॅनिश आणि मनिला भागातील तागालोग अशा दोन भाषांत आहे, आणि त्यातील तागालोग मजकूर रोमन लिपीबरोबरच बायबायिन या तेथील जुन्या लिपीतही छापलेला आहे. १६१० मध्ये फ्रान्सिस्को ब्लान्कास दे सान होसे या पाद्र्याचे तागालोग व्याकरण निघाले, तर त्याच वर्षी तोमास पिन्पिन या तागालोग मुद्रकाने आपल्या बांधवांना स्पॅनिश शिकता यावी म्हणून पुस्तक काढले. यातील दुसऱ्या दिशेची वाट पुढे फारशी कोणी चालले नाही. गावात स्पॅनिश माणूस म्हणजे बहुधा एकटा पाद्री, तोही तागालोग, बिसाया किंवा इलोकानो बोलणारा. स्पॅनिश व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी स्थानिकांच्या गावांत राहू नये असे नियम होते, आणि ते बहुतेक मनिलाच्या तटबंदीत, इन्त्रामुरोसमध्ये, राहत. बेटांवरील लोकसंख्येत स्पॅनिशांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. पाद्र्यांचे महत्त्व या दुभाषेपणावरच उभे होते, त्यामुळे प्रजेला थेट स्पॅनिश यावी यात त्यांना काही विशेष गोडी नव्हती.

बायबायिनचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट येथील वाचकांना रुचावी म्हणून सांगतो. ही लिपी ब्राह्मी कुळातली, म्हणजे देवनागरीची दूरची बहीण आहे, आणि तिच्यात अक्षराचा पाय मोडण्याची सोय नव्हती. शब्दाच्या शेवटचे व्यंजन लिहायचेच नाही, वाचणाऱ्याने ते संदर्भाने ओळखायचे. १६२०च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेस या पाद्र्याने इलोकानो धर्मपुस्तकासाठी अक्षराखाली क्रूसाची खूण देऊन स्वर काढून टाकण्याची युक्ती योजली. हे त्याचे हलन्त चिन्ह स्थानिकांनी स्वीकारले नाही. आज मात्र बायबायिनची हौस परतली आहे, आणि ज्यांना ती आधुनिक तागालोगसाठी वापरायची आहे ते पुष्कळदा हाच पाद्र्याचा क्रूस वापरतात.

फिलिपिन्समध्ये सर्वांसाठी सरकारी प्राथमिक शाळा आणि तेथे स्पॅनिश, असे फर्मान निघाले ते १८६३ मध्ये. त्याची अंमलबजावणी रखडत झाली, आणि ३५ वर्षांत राजवटच संपली. अमेरिकेने त्याच्या कितीतरी पट वेगाने शाळा काढल्या. १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून एकाच फेरीत सुमारे ५०० शिक्षक उतरले.

नोंदवही

आडनावांविषयी थोडे लिहितो, कारण त्यांवरून लोक फार चुकीचे निष्कर्ष काढतात. फिलिपिन्समधील गार्सिया किंवा रामोस आडनावाच्या माणसाचा स्पॅनिश पूर्वज असेलच असे नाही, बहुतेकांचा नसतो. ते आडनाव बऱ्याच घराण्यांना एका सरकारी यादीतून मिळालेले आहे.

नार्सिसो क्लावेरिया हे १८४४ ते १८४९ या काळात फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल होते. दौऱ्यावर असताना त्यांना असे आढळले, की लोकांना आडनावे नाहीत, आणि ज्यांनी ती लावून घेतली आहेत त्यांनी मन मानेल तशी संतांची नावे उचलली आहेत. एकाच गावात शेकडो ‘दे ला क्रूस’ आणि ‘दे लोस सांतोस’, सख्ख्या भावांची आडनावे निरनिराळी, आणि करवसुलीची वही मिळवावी तर कोण कोणाचा हे कळेना. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी त्यांनी फर्मान काढले, आणि सोबत सुमारे ६० हजार आडनावांची वर्णानुक्रमे छापलेली यादी प्रांतोप्रांती पाठवली. यादीत स्पॅनिश आडनावे होतीच, शिवाय स्थानिक भाषांतील शब्द, झाडांची आणि खनिजांची नावे, भूगोलातील नावेही होती. प्रांताच्या अधिकाऱ्याने यादीची पाने गावांना वाटायची, आणि गावच्या पाद्र्यासमोर कुटुंबप्रमुखाने आपल्या वाट्याला आलेल्या पानांतून नाव निवडायचे, अशी रीत होती. ज्यांच्या घरात चार पिढ्या एकच आडनाव चालत आले होते त्यांना ते ठेवता येत असे.

या पाने वाटण्याचा एक विलक्षण परिणाम अजून दिसतो. आल्बाय प्रांतातील ओआस गावात ‘र’ने सुरू होणाऱ्या आडनावांची दाटी आहे, कारण त्या गावाला यादीतील ती पाने मिळाली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने कागदाचा गठ्ठा कसा फोडला, हे आज एखाद्या गावच्या मतदारयादीवरून ओळखता यावे, याहून टिकाऊ सरकारी काम मला तरी ठाऊक नाही.

कादंबरीकार होसे रिसाल यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांच्या घराण्याचे जुने आडनाव मेर्कादो, म्हणजे बाजार. फर्मानानंतर वडिलांनी ‘रिसाल’ हे नाव जोडून घेतले, पण व्यवहारात मेर्कादोच चालू राहिले. पुढे थोरला भाऊ पासियानो हा १८७२ मध्ये मृत्युदंड झालेल्या बुर्गोस या पाद्र्याच्या निकटचा म्हणून सरकारच्या डोळ्यांवर आला, तेव्हा धाकट्याला शाळेत घालताना सावधगिरी म्हणून ‘रिसाल’ हे आडनाव लावण्यात आले. ज्या यंत्रणेने माणसे मोजता यावीत म्हणून आडनावे वाटली, तिच्याच नजरेतून निसटण्यासाठी तेच आडनाव कामी आले, आणि आज ते राष्ट्रपुरुषाचे नाव म्हणून प्रत्येक गावच्या चौकात कोरलेले आहे.

विषय थोडा सोडून आणखी एक: याच क्लावेरियांनी फिलिपिन्सच्या दिनदर्शिकेतून एक संपूर्ण दिवस काढून टाकला. ही बेटे मेक्सिकोच्या बाजूने, पूर्वेकडून, वसवली गेल्यामुळे तेथील तारीख शेजारच्या आशियापेक्षा एक दिवस मागे असे. १८४४ मध्ये सोमवार ३० डिसेंबरनंतर थेट बुधवार १ जानेवारी १८४५ उजाडला. मेक्सिकोशी असलेले नाते सुटल्याची ही कॅलेंडरातील नोंद म्हणता येईल.

गलबतवाला

शेवटच्या वाक्याला धरूनच पुढे लिहितो. फिलिपिन्सवर ‘स्पेनचा’ प्रभाव, असे आपण म्हणतो, परंतु १८२१ पर्यंत या बेटांचा कारभार माद्रिदहून नव्हे तर मेक्सिको शहरातून चालत असे. ती नव्या स्पेनच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होती. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या जुन्या दर्यावर्दी पाद्र्याने उत्तरेकडे बरेच वर जाऊन, पश्चिमी वारे धरून, अमेरिकेच्या किनाऱ्याला परत जाण्याचा मार्ग शोधला, आणि तेव्हापासून १८१५ पर्यंत मनिला ते आकापुल्को अशी वर्षाला एकदोन प्रचंड गलबते ये-जा करीत राहिली. आकापुल्कोहून मनिलाला येण्यास सुमारे ३ महिने लागत. परतीला ४ ते ६ महिने, आणि त्यात माणसे उपासमारीने आणि स्कर्व्हीने मरत. जाताना चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले; येताना पोतोसी (आजच्या बोलिव्हियात) आणि मेक्सिकोच्या खाणींतील चांदी, सैनिक, पाद्री, कैदी आणि खलाशी. मनिलाच्या घाटावर उतरणारा ‘स्पॅनिश’ माणूस पुष्कळदा मेक्सिकोत जन्मलेला मेस्तिसो, म्हणजे स्पॅनिश आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाचा, असे.

म्हणूनच तागालोगमध्ये जे शब्द ‘स्पॅनिश’ म्हणून मोजले जातात त्यांत नाहुआट्ल शब्दांची चांगलीच भर आहे. रताळ्याला कामोते, आठवडी बाजाराला त्यांगे, सिंगकामास हा कंद, सायोते ही भाजी, आच्वेते हा खाण्याचा लाल रंग, हे सर्व अस्तेकांच्या भाषेतून गलबतात बसून आले. अस्तेकांना जिंकणाऱ्यांच्या पदरात त्यांचे शब्द पडले आणि त्यांनी ते पॅसिफिकच्या दुसऱ्या टोकाला नेऊन रुजवले. मनिलाच्या कियापो भागातील काळा येशू, ज्याच्या ९ जानेवारीच्या मिरवणुकीत लाखो माणसे रस्त्यावर उतरतात, ती मूर्तीही मेक्सिकोतून १७व्या शतकाच्या प्रारंभी आलेली आहे.

हा प्रवास एकमार्गी नव्हता, हेही लक्षात घ्यावे. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोलिमा भागात नारळाच्या झाडाची ताडी आजही ‘तुबा’ या तागालोग नावानेच विकली जाते. गलबतांवरून पळालेल्या आणि तेथे स्थायिक झालेल्या फिलिपिनी खलाशांनी ती विद्या नेली. मेक्सिकोत आंब्याच्या एका जातीला मनिलाचा आंबा म्हणतात. आणि अंदालुसियातील नर्तकी ज्या झालरीच्या शालीशिवाय डोळ्यांसमोर येत नाही, तिचे नाव ‘मनिलाची शाल’ आहे, जरी ती चीनमध्ये भरतकाम होऊन केवळ मनिलामार्गे गेली. आपली वाटणारी वस्तू पाहुण्याच्या नावाने ओळखावी आणि तो पाहुणाही मुळात वाटाड्याच असावा, असा हा प्रकार आहे.

सडेतोड

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु शब्द, आंबे आणि शाली यांच्या या देवघेवीत एक गोष्ट हळूच बाजूला सरकते, ती म्हणजे सक्ती. प्रभाव हा शब्द मऊ आहे. फिलिपिन्समधील पुरुषांना दरवर्षी ४० दिवस सरकारी वेठ करावी लागे, जंगलातून ओंडके ओढावे लागत आणि त्याच लाकडांतून ही कौतुकाची गलबते बांधली जात. ही मुदत १५ दिवसांवर आली ती १८८४ मध्ये, म्हणजे राजवट संपण्याच्या उंबरठ्यावर. गलबतात भरलेली चांदी पोतोसीच्या डोंगरातून ज्यांनी काढली, ते आंदेसमधील खेड्यांतून पाळीपाळीने सक्तीने नेलेले लोक होते. चौक आणि चर्च ही सुंदर रचनासुद्धा विखुरलेल्या वस्त्या मोडून माणसांना ‘घंटेच्या आवाजाच्या टप्प्यात’ आणून बसवण्याच्या मोहिमेतून उभी राहिली. अमेरिकन सरकारने २०व्या शतकाच्या आरंभी धर्मसंघांच्या जमिनी विकत घेतल्या तेव्हा त्या सुमारे ४ लाख एकर भरल्या. पाद्री केवळ दुभाषे नव्हते, ते जमीनदारही होते.

ओळखीच्या प्रश्नालाही येथूनच हात घातला पाहिजे. ‘फिलिपिनो’ हा शब्द मुळात बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिशांसाठी होता. स्थानिकांना ‘इंदिओ’ म्हणत, आणि त्यात हेटाळणी असे. ‘मेस्तिसो’ म्हणजे तेथे बहुतांशी चिनी बाप आणि स्थानिक आई यांची संतती. या उतरंडीतील सर्वांनी मिळून एक शब्द आपलासा करावा याला निमित्त झाले ते १७ फेब्रुवारी १८७२ रोजी गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन पाद्र्यांना दिलेल्या जाहीर मृत्युदंडाचे. धर्मसंघांच्या वर्चस्वाविरुद्ध बेटांवरील पाद्र्यांचा हक्क मागणारी ही मंडळी होती, आणि मनिलाजवळच्या काविते येथील सैनिकांच्या बंडाचे खापर त्यांच्यावर फोडण्यात आले. त्यानंतरच्या पिढीने, रिसाल त्यांतील अग्रणी, स्वतःला अभिमानाने फिलिपिनो म्हणवून घेतले. रिसाल यांच्या १८८७ आणि १८९१ मधील दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आहेत. ३० डिसेंबर १८९६ रोजी त्यांना गोळ्या घालण्यापूर्वी त्यांनी लिहिलेली निरोपाची कविताही स्पॅनिशमध्येच आहे. म्हणजे जी भाषा प्रजेला द्यायला राज्यकर्ते कचरत होते, ती ज्यांनी मिळवली त्यांनी तिच्यातच राज्यकर्त्यांवरचे आरोपपत्र लिहिले. पाद्र्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती, असे म्हणावे लागते.

आणि हा हिशेब मिटलेला नाही. २०१९ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी स्पेनच्या राजाला पत्र लिहून विजयकाळातील अत्याचारांबद्दल क्षमायाचनेची मागणी केली. स्पेनने ती फेटाळली, आणि २०२४ मध्ये नव्या अध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम यांच्या शपथविधीला राजाला निमंत्रण गेले नाही. हे पत्र ज्या भाषेत लिहिले गेले ती भाषा कोणती, हे वेगळे सांगायला नको.

पोथीवाचक

सडेतोड यांच्याशी माझा मतभेद नाही, केवळ एक पुस्ती जोडतो. स्पेनविरुद्धची लढाई एकाच भाषेत लढली गेली नाही. आंद्रेस बोनिफासियो यांनी १८९२ मध्ये स्थापन केलेल्या कातिपुनान या गुप्त संघटनेचा कारभार तागालोगमध्ये चालत असे, कारण तिचे सभासद कारागीर, कारकून आणि शेतकरी होते. १८९९ मधील फिलिपिनी क्रांतिकारकांच्या मालोलोस प्रजासत्ताकाचे संविधान मात्र स्पॅनिशमध्ये लिहिले गेले, कारण ते लिहिणारे वकील आणि डॉक्टर होते. राष्ट्रगीताचे मूळ शब्दही त्याच वर्षी होसे पाल्मा यांनी स्पॅनिशमध्ये लिहिले. आज ते तागालोगवर आधारलेल्या फिलिपिनो भाषेत गातात. माझा तर्क असा, की हे प्रजासत्ताक टिकले असते तर त्याने मेक्सिकोप्रमाणेच शाळांतून स्पॅनिश पसरवली असती. अमेरिकेने पुसली ती रुजलेली भाषा नव्हे, रुजण्याची शक्यता. जी स्पॅनिशभाषक घराणी मनिलात उरली होती त्यांना दुसऱ्या महायुद्धाने गाठले: फेब्रुवारी १९४५ मधील लढाईत इन्त्रामुरोस जवळजवळ भुईसपाट झाले आणि शहरातील सुमारे १ लाख नागरिक मेले. कागदावर स्पॅनिश त्यानंतरही होती; १९८७ च्या संविधानाने तिला अरबीच्या जोडीला ऐच्छिक भाषांच्या रांगेत बसवले.

स्पेनचा वारसा म्हणून ज्या गोष्टी दाखवल्या जातात त्यांतील काही मुळात नंतरच्या निवडी आहेत, याचे आणखी एक उदाहरण देतो. फिलिपिन्समध्ये मुस्लिमांचा अपवाद सोडता घटस्फोटाचा कायदा नाही, आणि याचे कारण म्हणून स्पॅनिश कॅथलिक परंपरेकडे बोट दाखवले जाते. वस्तुस्थिती अशी आहे, की १९१७ मध्ये तेथे मर्यादित स्वरूपात घटस्फोटाची सोय झाली होती. ती काढून टाकली ती १९५० च्या दिवाणी संहितेने, म्हणजे स्वतंत्र देशाच्या कायदेमंडळाने.

रानपाखरू

मेक्सिको आणि फिलिपिन्स ही दोन टोके धरून चर्चा चालली आहे, म्हणून पाराग्वायची आठवण करून देतो. तेथे राजवट स्पॅनिशच होती, देश स्पॅनिशभाषक म्हणून गणला जातो, आणि तरीही बहुसंख्य लोक ग्वारानी बोलतात, ज्यांत स्वतःला मूळनिवासी न मानणारेही आहेत. १९९२ च्या संविधानाने दोन्ही भाषांना अधिकृत स्थान दिले. स्पॅनिश वसाहतकार थोडे, त्यांनी ग्वारानी स्त्रियांशी संसार मांडले आणि मुले आईची भाषा बोलू लागली. शिवाय १६०९ पासून १७६७ मध्ये हकालपट्टी होईपर्यंत जेझुइटांनी आपल्या वस्त्यांमध्ये ग्वारानीच चालवली. राजवट तीच असूनही प्रत्येक ठिकाणी तिच्याखाली काय उरले होते, यावर पुढचे ठरलेले दिसते.

दर्यावर्दी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मूळ प्रश्न आता मलाच वेगळा दिसू लागला आहे. ‘स्पॅनिश का गेली’ असे विचारण्यापेक्षा ‘ती मुळात किती आली होती’ असे विचारायला हवे होते. या अनुषंगाने तागालोगमधील एक शब्द माझ्या पाहण्यात आला: स्पॅनिशमधील ‘सेगुरो’ म्हणजे निश्चित, पण तागालोगमध्ये गेलेला ‘सिगुरो’ म्हणजे बहुधा, कदाचित. राज्यकर्त्यांच्या खात्रीचे प्रजेने काय केले, हे पाहून हसू आले. शेवटची एक विचारणा: मिंदानाओतील साम्बोआंगा येथे स्पॅनिशपासून झालेली चावाकानो ही बोली आजही रोजच्या व्यवहारात आहे, असे वाचले. मग तेथे ती कशी तगली?

नोंदवही

किल्ल्यामुळे. मिंदानाओ आणि सुलू येथील मुस्लिम सुलतानांशी स्पेनचा झगडा सतत चालू असे, म्हणून साम्बोआंगाला १६३५ मध्ये किल्ला बांधायला घेतला. मध्यंतरी तो सोडून द्यावा लागला आणि १८व्या शतकाच्या आरंभी पुन्हा उभारला. निरनिराळ्या बेटांवरून आलेले सैनिक, मजूर आणि त्यांची कुटुंबे तेथे एकत्र आली, आणि त्यांना एकमेकांशी बोलायला जी मोडकी स्पॅनिश पुरत होती ती पुढच्या पिढ्यांची मातृभाषा झाली. मनिलाच्या उपसागरावरील काविते आणि तेर्नाते येथेही तिची रूपे आहेत, पण सर्वांत जास्त बोलणारे साम्बोआंगात.

तिची घडण पाहण्यासारखी आहे. स्पॅनिश क्रियापदाची सगळी रूपावली तिने टाकून दिली. ‘कोमे’ म्हणजे खाणे हे एकच रूप ठेवून त्याच्या आधी ‘या’ लावला की भूतकाळ, ‘ता’ लावला की वर्तमान, ‘आय’ लावला की भविष्य. शब्द बहुतेक स्पॅनिश आहेत. सर्वनामांत मात्र ‘मी’, ‘तू’, ‘तो’ ही एकवचने स्पॅनिशवरून आली आणि अनेकवचने बेटांवरच्या भाषांतून. स्पॅनिशमध्ये ‘नोसोत्रोस’ हा एकच शब्द आहे. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मराठीत आपण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद करतो, तसाच भेद फिलिपिन्सच्या भाषांत आहे, आणि चावाकानोने तो सोडला नाही. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर ‘किता’, त्याला वगळून बोलायचे तर ‘कामे’.